लहानूचे कढीगोळे

आनंदाबाईंनी डबा उघडला आणि खोलीभर कढीचा वास सुटला. वडनेरहून दोन एस्ट्या बदलून, मांडीवर धरून आणलेला डबा. वाटेत थेंब सांडू दिला नव्हता बाईने. लेकाच्या आवडीचे कढीगोळे ना ते! लेक चौतीस वर्षांचा, पण आईच्या लेखी अजून भरवण्यातलाच.

सिंदी मेघेतल्या या भाड्याच्या घरात लहानूसारखे पाच जण राहायचे. अंगाने थोराड, पण दिवस कसा काढायचा ते कुणीतरी सोबतीने दाखवायला लागायचं. लहानू तर महिनामहिना शब्द काढत नसे. त्यांच्या सोबतीला प्रेमदास होता. लहानूला इथे सहा महिने झाले होते आणि आनंदाबाई आज त्याला परत न्यायला आल्या होत्या. कपड्यांसाठी रिकामी पिशवीही सोबत होती. परक्या हातचं खाऊन पोर सुकलं असणार, अशी त्यांची पक्की खात्री. सुकलं कसलं! चांगले गाल वर आले होते. ते मात्र बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"आ कर, राजा," म्हणत त्यांनी ताटलीत कढी वाढून डाळीचा गोळा कुस्करला.

"थांबा जरा, मावशी." प्रेमदासने दुसऱ्या ताटलीत कडक भाकर आणि जवसाची चटणी आणली. दोन्ही ताटल्या लहानूपुढे शेजारीशेजारी ठेवल्या. "काय खाता, लहानूभाऊ? हे, का हे?" आणि तो मांडी घालून स्वस्थ बसला.

"त्याले काय इचारतं गा?" आनंदाबाई हसल्या. "तीस वर्षं झाले, हेच खाते तो."

प्रेमदासची नजर लहानूवरच होती. लहानू गुडघ्यावर बोटं वाजवत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कढी थंड झाली. बाईंची चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात लहानूने कढीची ताटली दूर सारली.

"नको."

हा शब्द लेकाच्या तोंडून त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. आणि ऐकला तो नेमका कढीगोळ्यांवर! बाईंच्या अगदी जिव्हारी लागलं.

"पोटभर खात होता ना हा! मंग आताच काऊन?"

"तुमी इचारलं नोतं ना, मावशी." प्रेमदासने हे इतक्या मायेने सांगितलं की त्याच्यावर रागवावं तरी कसं? "आमीबी पह्यले असंच भरवत होतो. मंग इचारू लागलो. चार महिने रोज इचारलं, रोज वाट पाह्यली. काईच नाई! अन् बुद्धपौर्णिमेले मी घरून खीर आणली, तं लहानूभाऊ म्हणे, नको. मले इतका आनंद झाला, का गल्लीभर सांगत फिरलो."

लहानू कुडूमकुडूम भाकर चावत होता. आनंदाबाई बघत राहिल्या. आ कर म्हटलं की आ करायचा बिचारा, आणि आपल्याला वाटायचं, आवडतं. तीस वर्षांचे गोळे त्यांच्याच घशाशी आले.

त्यांनी पिशवी जवळ ओढली आणि भीतभीत विचारलं, "लहानू, घरी चालतं का?" आणि सवयीने लगेच, "चाल ना, राजा, गाय व्याली आपली, वासरू..."

प्रेमदासने ओठांवर बोट ठेवलं. त्या गप्प झाल्या.

परतीच्या, हिंगणघाटच्या गाडीची वेळ झाली, टळली. बाई उठल्या नाहीत. हा हो म्हणाला तर, या विचाराने प्रेमदासचाही जीव वरखाली होत होता, पण तोही हूं की चूं करेना. लहानूने भाकर संपवली. चटणीचं बोट चाटलं.

"नको," तो म्हणाला. आणि आईला टेकून, तिचा पदर मुठीत धरून बसला.

आनंदाबाई रडल्या, हसल्या, दोन्ही एकदमच. डोळे पुसून प्रेमदासला म्हणाल्या, "कोनावर गेला गा हा! माह्या तोंडून तं साठ वर्षांत एकदाबी नाई निघाला हा शब्द."