आग्रह

"पहिल्या दिवशी मी लाजून 'नको' म्हटलं, तर जिच्या घरी उतरले होते त्या बाईने ताटच उचलून नेलं! उपाशी झोपले," डेन्मार्कच्या कॉलेजात सहा महिने शिकून आलेली क्लारा सांगत होती. कांदिवलीच्या घरी जमलेले पाहुणे खो खो हसले.

"कसली माणसं गं! पुन्हा विचारायचं तरी," ब्रायनची आई म्हणाली आणि तिने पर्समधून अंगठीची डबी काढली. "चल, आमच्या ब्रायनसाठी हात पुढे कर."

क्लाराचं हसू थांबलं. "नको, आंटी."

"लाजतेय," ममी म्हणाली.

"ममी, खरंच नको. मला नाही करायचं हे लग्न."

"सगळ्या पोरी आधी असंच बोलतात."

क्लाराने मूठ आवळली. ममीने हसत हसत तिचं एकेक बोट उघडलं.