खिडकीजवळचं टेबल

"बसा ताई माझ्या जागेवर, आणि दाखवाच एकदा कसं झरझर करता ते," काका म्हणाले. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं.

हुकूम साहेबांचा होता. महिनाअखेर एक माणूस कमी करायचा होता, आणि सगळ्यांत जास्त चुका काकांच्या. शेवटची संधी म्हणून काकांना शिकवायला तिला पाठवलं होतं.

काकांचं टेबल खिडकीशी. खिडकी धड लागत नव्हती, खालच्या रस्त्याचा धूर दिवसभर आत यायचा. तिचं टेबल पार पलीकडे, हवा शुद्ध करणाऱ्या मशीनच्या कुशीत. मशीन एकच. सगळ्यांत भरभर काम करेल त्याला ते बक्षीस म्हणून मिळायचं. तिच्याकडे आलं ते कधी गेलंच नाही. "हात आहेत की वीज!" लोक म्हणायचे. तिलाही ते खरं वाटायचं.

विम्याचे अर्ज कॉम्प्युटरवर भरायचे, एवढंच काम. सकाळी बोटं धावली. जेवणानंतर डोळे चुरचुरायला लागले, डोकं जड झालं. एकच आकडा ती परत परत वाचायची आणि तरी चुकायची.

काका खोकत खोकत हसले. "होतं असं, ताई. मला वाटायचं, माझ्याच डोक्याला गंज चढलाय."

ती ताडकन उठली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, काकांचा दोष नाही. तिथली हवाच माणसाला मठ्ठ करते. त्यांना माझ्या जागी, मशीनजवळ बसवून बघा."

साहेबांनी तिचं आजचं काम स्क्रीनवर उघडलं. दुपारनंतरच्या चुका एकेक करून मोजल्या.

"बसवू की. मग तिथे खिडकीशी तुम्ही बसा. पण महिनाअखेर मी चुका बघणार हं, हवा नाही."

अंथरुणाला खिळलेली आई. कॉलेजात जाणारी लेक. घरात येणारा एकच पगार, तिचा. तिच्या घशात अजून तो धूर होता.

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "वय झालंय त्यांचं. आता नाही जमायचं त्यांना."

साहेबांनी काचेतून त्या पिकल्या केसांकडे, वाकलेल्या खांद्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. वय म्हटलं की कुणाकडेच बोट दाखवावं लागत नाही.

काका बाहेर आशेने उभे होते. शाळेत ते तिच्या धाकट्या भावाच्या वर्गात होते.