इथची नाई

तारेवर बसलेली भिंगरी वाटाड्या पोचूनं एका नजरेत हेरली. "सायेब, ही इथची नाई. कंबर पांढरी हाये, पायाले बोटापर्यंत पिसं हायेत. बर्फाच्या पहाडातली हाये, थंडीत भटकून आली." पक्षी बघायला पुण्याहून आलेल्या साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि हातच जोडले. "पोचूभाऊ, तुमची नजर चुकायची नाही!"

दुपारी पोलीस ठाण्यातून पोचूला ओळख पटवायला बोलावणं आलं. पहाटेच्या चकमकीत एक पोरगी मेली होती. पोचूची थोरली रिना चार वर्षांपूर्वी जंगलातल्या बंदूकवाल्यांसोबत निघून गेलेली. धाकटी दीपिका पोलीस भरतीसाठी रोज मैदानावर धावत होती.

शिपायानं चादर बाजूला केली. पोचूनं तोंड पाहिलं, मग पाय पाहिले.

"इथची नाई, सायेब."

तो घरी पोचला तेव्हा सांज झाली होती, अंगात कापरं भरवणारी थंडी होती. बायको दारातच उभी होती.

"आपली रिना होती का?"

"नाई."

तिनं त्याच्या केसांतून निथळणारं नदीचं पाणी पाहिलं आणि आत जाऊन पेटलेली चूल विझवली.