म्हातारीले समुद्राकाठानंच न्यायचं

"तुम्ही म्हातारीले मारायलेच निघाले, साहेब!"

कुलदीपनं टेबलावरचा नकाशा स्वतःकडं ओढला आणि हायवेच्या लाल रेघेवर बोट आपटलं. "ह्या रस्त्यानं नेता? ट्रकांच्या रांगेतून? भोंगे, धूर, जागोजागी डायव्हर्शन. अर्ध्या वाटेतच जीव सोडेल ती."

साहेब पुण्याकडचे. आवाज चढवणं त्यांना जमत नव्हतं, आणि खुर्चीच एवढी मोठी की तशी गरजही पडत नव्हती.

"लवकर पोहोचणं महत्त्वाचं आहे, कुलदीप. वेंगुर्ल्याजवळ सगळी सोय केली आहे. मोठी जागा, भरपूर झाडी. आनंदात राहील."

"पोचली त राहील न!"

शेजारी उभ्या मुबीननं हसू दाबलं. मुबीन म्हणजे नागभीडच्या गॅरेजवाल्या बाबूभाईचा मुलगा, या प्रवासातला दुसरा ड्रायव्हर. साहेबांशी असं तोंड वर करून बोलायची छाती एकट्या कुलदीपची होती. साहेब ऐकून घेत, कारण गाडीवर असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. आंब्याच्या मोसमात त्यानं देवगडहून नागपूरला हापूसच्या गाड्या आणलेल्या. फळाला डाग लागला म्हणून त्याच्या नावानं कधी ओरड झाली नाही.

"आता माहा रस्ता ऐका. आंबा घाटानं उतरायचं. रत्नागिरीपासून हायवेचं तोंडच नाई पाहायचं. पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण. डाव्या हाताले आंब्याच्या बागा, उजव्या हाताले समुद्र. सुरूची सावली, थंड वारा. दुपारी तिथीच थांबायचं, ऊन उतरलं का पुढं."

"वळणं फार आहेत त्या रस्त्याला."

"वळणानं कोणी मरत नाई, साहेब. करकचून ब्रेक मारणाऱ्यानं मरते. मी आंबे नेतो तशी नेतो तिले."

"आणि लोक? गावोगाव घोळका जमला तर बिथरेल ती."

"दुपारच्या पारी थांबू तवा त्या गावांत रस्त्यावर कुत्रं नाई दिसत. बाजाराचे दिवस टाळू. पडदे लावू, ओले करून."

मुबीनला राहवलं नाही. "पण समुद्राकाठी जाऊन बिचारीले सुरमई नाई चाखवणार काय, भाऊ?"

"तोंड नाई लावणार. मटणच लागते तिले. दात गेले त आता बारीक तुकडे करा लागते. अन् निघायच्या दिवशी उपाशीच ठेवायचं, नाईतर गाडी लागते."

"माह्या सासूसारखीच हाये मंग," मुबीन म्हणाला. "सासूले उपाशी ठेवाची हिंमत नाई आपली, एवढाच फरक."

साहेबही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "इथं ठेवता आलं असतं तर मी तिला पाठवलं नसतं. पण लोक रोज दारात येऊन बोलून जातात. मी तरी काय करू?"

"तिचं घर इथीच होतं, साहेब. जलमली इथी, लेकरं वाढवली इथी. लेकरं मोठी झाली अन् त्यायनंच हुसकली तिले. म्हणून भटकत सुटली. तेव्हा कोणाचं ध्यान होतं तिच्यावर?"

साहेब उगाच मोबाईल पाहू लागले. तो खिशात ठेवत म्हणाले, "तू तर आईसारखा जीव लावतोस तिला."

मुबीनचं हसू जागच्या जागी विझलं. कुलदीप मात्र नकाशावरून नजर न हलवता म्हणाला, "रस्ता मंजूर करा, साहेब. समुद्राकाठचाच."

साहेबांनी लाल रेघ खोडली. मग कुलदीप मागत गेला आणि साहेब हो म्हणत गेले. डॉक्टरीणबाई सोबत पाहिजेत? येतील. रस्ता मोकळा करायला पुढं एक गाडी? मिळेल. मागं पाण्याची एक? तीही मिळेल. एकदाही 'वर विचारावं लागेल' आलं नाही. एका फोनवर सगळं हललं.

बाहेर आल्यावर मुबीननं त्याचा दंड धरला. "तू काऊन एवढा जीव तोडून राह्यला बे तिच्यासाठी? तू?"

"मले पाहायचं होतं," कुलदीप म्हणाला, "मागितलं त किती भेटते."

"अन् समुद्राकाठचा रस्ता?"

"तो खराच चांगला हाये. तिचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या तयार झाल्या. ओले पडदे लागले, पाण्याची टाकी भरली. फाटकाबाहेर गावातल्या बायाबापड्या उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी म्हातारीचा श्वास तपासला, ठीक म्हणाल्या. साहेब हात हलवून निरोप द्यायला पायरीवर आले. कुलदीपनं चाबी लावली, पण फिरवली नाही. तो खाली उतरून साहेबांपुढं येऊन उभा राहिला.

मागं, पडद्याआडच्या पिंजऱ्यात वाघीण एकदा गुरगुरली आणि फाटकाबाहेरच्या बाया दोन पावलं मागं सरकल्या. "माही माय मोहफुलं वेचाले वाकली होती, साहेब, तिथून हिनं नेली तिले," कुलदीप म्हणाला. "त्याच्या आधी आख्ख्या गावानं तुमच्यापाशी एकच गाडी मागितली होती, पहाटे बायांसंगं मोहापर्यंत जाले. एकच. तुम्ही म्हणले, वनखात्यापाशी गाडी नाई. मंग आज हिच्यासाठी ह्या एवढ्या गाड्या कुठून आल्या? बोला. तुम्ही बोलल्याबिगर चाबी फिरत नाई. बोला, साहेब!"