तांबड्या टेकडीपर्यंतची गाडी

नबहान गाडीखालून सरपटत बाहेर आला, पाना पुसला आणि पेटीत त्याच्या जागी ठेवला.

"बसला का पत्रा?" रय्याने विचारले. ती खजुरीच्या सावलीत कॉफीचे भांडे घेऊन बसली होती.

"बसला. आता दगडावर आपटली तरी इंजिनाला धक्का नाही."

गाडी लहान होती, शहरातल्या रस्त्यांसाठी बनवलेली. गरज पडली तर तिची चारही चाके ओढत, पण पोट जमिनीजवळ होते. नबहानने आयुष्यभर तंत्रविद्यालयात मोटारदुरुस्ती शिकवली होती. दर हिवाळ्यात तो ही गाडी वाळूसाठी सज्ज करी: स्प्रिंगांवर रबरी गुटके, जाड कडांचे टायर, पुढेमागे ओढायचे भक्कम हुक.

शोधाचा हा तिसरा हिवाळा. त्यांचा मुलगा मुहन्ना आपल्या मामाच्या तळावर जायला निघाला होता. त्याची गाडी वाळूत रुतलेली सापडली, दार उघडे. तो सापडला नाही. पोलीस आणि सगळी जमात महिनाभर हिंडली. 'गाडी सोडून चालू लागायचे नाही,' हे नबहानने शेकडो विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले होते. त्याच्याच मुलाने गाडी सोडली होती.

उन्हाळाभर रय्या भिंतीकडे तोंड करून पडून असे. हिवाळ्यात गाडी जॅकवर चढली, की ती उठे, कॉफी भाजे, पीठ मळे. या शोधावरच ती जगते आहे, हे नबहानला ठाऊक होते.

"ओ मास्तर!" कुंपणापाशी मतर, रय्याचा भाऊ, पिकअपमधून उतरला. "ही गाडी आहे की गाभण शेळी? पोट वाळूला टेकतंय!"

"तुझ्या उंटांपेक्षा कमी खाते," नबहान म्हणाला.

"माझी मोठी गाडी न्या म्हणतो मी. तांबडी टेकडी ओलांडून पलीकडे बघून तरी येऊ. वारा वाळू हलवतो, तेव्हा दिसलं नाही ते आता दिसेल."

"मला मध्यम वाळू पुरे. या वयात टेकड्यांवरून उड्या मारायच्या नाहीत."

मतरने मागच्या उजव्या टायरवर पाय आपटला. "आणि हे काय? तीन एका नक्षीचे, चौथा भलत्याच. शंभर गाड्यांत तुमचा माग ओळखू येईल, मास्तर. आणि ही माझी बहीण तर माझ्याही आधी ओळखेल. लहानपणी हरवलेली उंटीण आमच्या घरात हीच शोधायची."

"नक्षी वेगळी असली तरी माप एकच आहे," नबहान शांतपणे म्हणाला. "गाडीला माप कळतं, नक्षी कळत नाही."

"ऐकलंस, उम्म मुहन्ना? तुझ्या नवऱ्याला तोंडी परीक्षेत पास केलं कुणी?"

रय्या हसली नाही. तिने भावाच्या हातात कॉफीचा पेला दिला.

मतर गेल्यावर नबहानने मागचे सामान लावायला घेतले. पाण्याचा डबा, फावडे, जाड पट्टा, हवा भरायचा पंप. मग तो थांबला.

"ती लाल-काळी घोंगडी कुठे आहे? चाक रुतलं तर खाली घालायला लागेल."

ती रय्याने स्वतः विणली होती. लहानपणी मुहन्ना तिच्याखाली झोपे आणि रात्रभर पाय उघडे टाकी.

"देऊन टाकली."

"कुणाला?"

"गेल्या आठवड्यात मतरच्या तळावर राहिले होते ना, तेव्हा. एकाला थंडी वाजत होती." तिने घरातून दुसरी, जुनी सतरंजी आणून दिली. "चाकाला काय, ही चालेल."

नबहानने ती घडी घालून ठेवली. गेल्या आठवड्यात, ती भावाकडे असताना, त्याने टायर बदलून पहिली चाचणी घेतली होती. आता पत्रा बसला होता. नेहमीप्रमाणे दुसरी घ्यायची होती.

"अबू मुहन्ना," ती नेहमीसारखी मुलाचा बाप म्हणून हाक मारत म्हणाली, "टायरांची हवा आणखी थोडी सोडली, तर नाही का चढणार तांबड्या टेकडीवर?"

प्रश्न दर वर्षीचा होता. उत्तरही.

"टायर रिमवरून सुटेल. या गाडीची झेप तेवढीच आहे."

ती त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. "तुम्ही म्हणता तसं," म्हणाली.

"एक फेरी मारून येतो. पत्रा वाजतो का बघतो. उद्या दोघं निघू."

तिने पाण्याची बाटली आणि खजुरांचा डबा पुढच्या आसनावर ठेवला. दार लावताना तिचा हात काचेवर थांबला.

"उत्तरेचा वारा सुटलाय. तिथे गार असेल."

"मी लगेच येतो."

"सावकाश या. मला घाई नाही."

वस्ती मागे पडली, मग मतरचा तळ, मग शेवटची बाभळ. पत्रा वाजत नव्हता. तांबड्या टेकडीच्या पायथ्याशी नबहान उतरला, प्रत्येक टायरपाशी गुडघे टेकून बसला आणि मोजून हवा सोडली. दर वेळी सोडत असे तेवढीच. मग दुसऱ्या गियरमध्ये, एका दमात, कुठेही न रुतता, गाडी टेकडी चढून पलीकडे उतरली.

खोलगट जागेत दोन दगड उभे होते, एक डोक्याशी, एक पायाशी. ते त्यानेच पहिल्या हिवाळ्यात, एकट्याने रोवले होते. मयताची नमाजही एकट्यानेच पढली होती.

दगडांच्या मध्ये लाल-काळी घोंगडी पांघरलेली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून कडांवर वाळू दाबली होती, आणि पायांकडची बाजू नीट दुमडून आत खोचली होती.