शँडेलिअर : अर्थ आणि वापर

ते एकोणीसशे चौसष्ट साल होतं. इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम ‘सी’ अक्षरापर्यंत आलं होतं, आणि कोशाच्या कचेरीतल्या धाकट्या बाई भर दुपारी एका नाट्यगृहाच्या पोटमाळ्यावर, वाकून, रहाटापाशी उभ्या होत्या. शब्द होता शँडेलिअर.

संपादकांचा दंडकच होता तसा. वस्तूला हात लागल्याशिवाय कार्डाला शाई लावायची नाही. कार्डावर दोन रकाने, अर्थ आणि वापर. मागच्या आठवड्यात कार्ब्युरेटरपायी बाई कोपरापर्यंत काळ्या होऊन आल्या होत्या आणि कचेरीत दोन दिवस सगळे त्यांना मेकॅनिकबाई म्हणत होते.

रहाटावरून झुंबर खाली-वर करणारा म्हातारा दिवेवाला त्याला ‘थोरली’ म्हणायचा. धाकटी बाहेर तिकीटखिडकीपाशी होती, बारा दिव्यांची. थोरलीला अठ्ठेचाळीस दिवे आणि वजन अडीचशे किलो. वर्षातून एकदा तिला पुसायला खाली घ्यायची. पार जमिनीला टेकवायची नाही, खालचे लोलक फुटतात. कमरेइतकी वर ठेवायची, आणि एकाने कड्याखालून रांगत जाऊन, तिच्या पोटात बसून आतली काच पुसायची. आत मावेल एवढं बारीक अंग घरात एकाच माणसाचं होतं, दिवेवाल्याच्या मुलीचं.

आज ती आत बसली होती, आणि छताच्या भोकातून बाईंना तिचा भांग दिसत होता. त्याच्या हातभर वर थोरलीचा मधला लोखंडी सुळका.

दिवेवाला तेलाची बुधली घ्यायला दोन पावलं मागे वळला. बाई वहीत नावं उतरवून घेत होत्या. रहाट, दोर, दातेरी चाक. चाकाच्या दातांत एक बोटभर लोखंडी तुकडा अडकवलेला होता. त्याचं नाव विचारायचं राहिलं होतं. दंडकाप्रमाणे बाईंनी त्याला आधी हात लावला. दात झिजलेले होते. तुकडा वर उचलला गेला आणि उलटा पडला.

ती खिटी होती. थोरली तिच्यावरच तोलून होती.

रहाटाचं हँडल गरकन फिरलं. दिवेवाल्याने अंग झोकून ते छातीवर घेतलं. हाड वाजल्याचा आवाज झाला, पण हँडल थांबलं. बाईंनी खाली पाहिलं. सुळका आणि भांग यांच्यात आता चार बोटांचं अंतर होतं. लोलक एकमेकांवर आपटून किणकिणत होते. ओरडावं तर पोर दचकून ताठ व्हायची, आणि ताठ व्हायला वर जागाच नव्हती.

तेवढ्यात खालून शांत आवाज आला.

“बाबा, असंच राहू द्या थोडं. वरची ओळ हाताला येतेय आता.”

दिवेवाल्याच्या कपाळाची शीर तटतटली होती. त्याने बाईंना डोळ्यांनीच जवळ बोलावलं. खिटी पुन्हा बसवायची तर चाक एक दात मागे न्यायला हवं होतं, आणि ते एकट्याच्या छातीचं काम नव्हतं. बाईंनी आयुष्यात दौतीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्यांनी हँडल धरलं. तळवे घामाने निसटत होते. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा चाक किंचित हललं आणि पुन्हा मागे आलं. खाली मुलगी काच पुसतच होती. फडक्याची चर्र चर्र वरपर्यंत येत होती. तिसऱ्यांदा बाईंनी डोळे मिटून सगळं अंग त्यात घातलं, आणि दिवेवाल्याने पायाच्या अंगठ्याने खिटी उलटवली. खट्.

दोघं तिथेच धुळीत बसले. दिवेवाला बोलला.

“तिला सांगू नका, बाई. कळलं तर पुन्हा आत बसायची नाही. आणि दुसरं बसणारं कोण आहे?”

बाईंनी मान डोलावली.

कार्डावर अर्थ त्यांनी नीट लिहिला. छताला टांगलेले अनेक शाखांचे शोभेचे दिवे, झुंबर. वापराचा रकाना कोराच दिला. संपादक रागावले नाहीत. त्यांनी स्वतःच लिहिलं, ‘राजवाड्यात शँडेलिअर लखलखत होते.’ छापलं गेलं ते तेच.

संपादक ‘एस’पर्यंत पोचले आणि गेले. पुढचा कोश बाईंनी पुरा केला. दिवेवाल्याची छाती त्या दिवसानंतर धड झाली नाही, तरी तो चार वर्षं रहाट फिरवत राहिला आणि एका सकाळी उठलाच नाही. ती चारही वर्षं मुलगी आत बसली. मग तिला टेलिफोन खात्यात नोकरी लागली. थोरली एका हॉटेलवाल्याने नेली.

बाईंना सत्तरी उलटल्यावर मुलीचा पत्ता मिळाला. ती आता आजी झालेली. तिने हौसेने घर दाखवलं, चहा केला, बाबांच्या आठवणी काढल्या. बाबा किती जपायचे, आपल्याला कधी म्हणून भीती वाटली नाही, असं दोनदा सांगितलं. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची नजर वर गेली.

तिन्ही खोल्यांतले दिवे भिंतींवर होते. पंखा कोपऱ्यात, स्टुलावर. छताला एक साधा हूकसुद्धा नव्हता.