ट्रॅफिकचा जुना अर्थ

"ट्रॅफिक म्हणजे आपल्याला गाड्यांची गर्दी आठवते," रेबेका फळ्यावर शब्द लिहीत म्हणाली. "पण जुना अर्थ व्यापार. इटलीतून फ्रान्समार्गे हा शब्द इंग्रजीत आला. एका गावचा माल उचलायचा, दुसऱ्या गावी नेऊन विकायचा, ते ट्रॅफिक. गाड्यांचा अर्थ फार उशिरा चिकटला."

राजूरच्या हायस्कुलातला नववीचा वर्ग. बाहेर बाजाराचा गलका चाललेला. दुसऱ्या बाकावरची राजनंदिनी उभी राहिली.

"मॅडम, मानसांचंबी करत्यात का?"

पोरं हसली.

"करतात," रेबेका म्हणाली. "कामाला लावतो म्हणून नेतात. कागद, मोबाईल काढून घेतात आणि विकतात. कायद्यातही त्याला हाच शब्द आहे."

राजनंदिनी खाली बसली नाही. 

"आमच्या शेजारची सविता चाललीय सुरतेला. पॅकिंगच्या कामाला. एका बाईनं आधार कार्ड आन् मोबाईल ठिवून घेतलाय. म्हनली, तिथं गेल्याव दीन."

"कधी निघणार?"

"बाराला. स्टँडपाशी जीप हाय."

पावणेबारा झाले होते. शेजारच्या वर्गावरच्या सरांना लक्ष ठेवायला सांगून रेबेका निघाली. राजनंदिनी तिच्या पुढं पळत होती. रेबेकानं चालता चालता पोलिसांचा एकशेबारा नंबर लावला, कसंबसं सगळं सांगितलं. पलीकडून गाडी पाठवतो म्हणाले.  जूनमध्येच ती श्रीरामपूरहून इथं आली होती. गावात धड चार माणसं तिच्या ओळखीची नव्हती. काम खरंच असलं तर? आणि खरं नसलं तर?

स्टँडपाशी पांढरी जीप सुरूच होती. मधल्या सीटवर दाराशी सविता, तिच्या पलीकडं एक बारकी पोरगी. मागच्या बाकावर आणखी दोघी. सविताची आई राहीबाई खिडकीतून भाकरीचं फडकं आत देत होती.

रेबेका जीपच्या समोर जाऊन उभी राहिली. 

पुढच्या सीटवरची बाई गोड हसली. "काय झालं, ताई?"

"कंपनीचं नाव काय? तिथला फोन नंबर द्या."

"तुम्ही कोण?"

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. दाबूनच धरला. जीप वीतभर पुढं सरकली. बोनेटची धग रेबेकाच्या पोटाला लागली. पळावंसं वाटलं, पण ती हलली नाही.

राहीबाई धावून आली. "आवो मॅडम, पोरगी कामाला चाललीय. तुमी का आडव्या येता?"

"मावशी, तिचा मोबाईल तेवढा तिच्या हातात द्यायला सांगा. मी लगेच बाजूला होते."

राहीबाई वळली. "द्या की वो बाई, पोरीचा फोन."

बाई हसायची थांबली. "तिकडं गेल्यावर देणार. ठरलंय ना तसं?"

"आता द्या."

बाईनं काच वर केली.

राहीबाईनं काचेवर दोनदा थाप मारली. मग तिनं मधलं दार ओढलं आणि सविताला मनगट धरून खाली खेचलं. भाकरीचं फडकं मातीत पडलं. मागच्या दोघी दार ढकलून उड्या मारत उतरल्या. ड्रायव्हरनं जीप झटक्यात मागं घेतली, वळवली आणि घोटीच्या रस्त्याला लावली. मधलं दार उघडंच आपटत होतं. आतून एक हात त्या दाराकडं आला आणि मागं ओढला गेला.

दहा मिनिटांत पोलीस आले. रेबेकानं गाडीचा नंबर सांगितला, एक पोरगी आतच राहिल्याचंही सांगितलं. हवालदारानं तो लगेच वायरलेसवर पुढच्या नाक्यांना कळवला. मग वही काढली.

"आत राहिली ती कोण?"

 उतरलेल्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. तिला निरोप द्यायला कुणीच आलं नव्हतं.

"नाव काय तिचं? गाव?"

"म्हाईत न्हाई," सविता म्हणाली. तिच्या मनगटावर आईच्या बोटांचे वळ उठले होते. "दाराशी तीच बसली हुती. मला गाडी लागती, म्हनून मी तिला आत सरकाय लावलं."